साठ माणसं, छत्तीस रिक्षा आणि चौदा दिवस

गणिताच्या मॅडम संध्याकाळी सहा वाजता ऐरोली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेशेजारी वही-पेन घेऊन का उभ्या आहेत, हे विचारायला पहिल्याच दिवशी चौघे आले: दोन रिक्षावाले, एका विद्यार्थ्याची आई आणि एक वाहतूक हवालदार. रिक्षावाल्यांना वाटलं, मी तक्रार लिहून घेतेय. आईला वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय. हवालदाराला मी खरं ते सांगितलं, की माझ्या चार मुलांना माणसं मोजायला शिकवतेय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि "कितवीची मुलं?" एवढंच विचारलं. बारावीची, म्हटल्यावर ते काही न बोलता निघून गेले.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, बावीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं 'समजा' या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. समजा, एक टाकी आहे. समजा, एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते. पुस्तक सांगतं तसं समजायचं आणि पुढचं सोडवायचं. गणिती मॉडेलिंगच्या, म्हणजे व्यवहारातला एखादा प्रश्न गणितात मांडून सोडवण्याच्या स्पर्धेत हे 'समजा' मुलांना स्वतः लिहावं लागतं. का समजलं ते सांगावं लागतं, आणि ते चुकीचं निघालं तर उत्तराचं काय होईल हेही. सूत्रं, एक्सेल, इंग्रजी हे सगळं मुलं कुठून ना कुठून उचलतात. 'समजा' कुणी शिकवत नाही. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्यासाठीच आहे.

ओळखीच्या तीन-चार शिक्षकांनी फोन करून "आम्हालाही मुलांना या स्पर्धेला बसवायचंय, काय करायचं?" असं विचारलं. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी माहिती, थोडक्यात

या स्पर्धा चालवणारी जुनी संस्था म्हणजे अमेरिकेतली कोमॅप. महाविद्यालयीन मुलांसाठीची एमसीएम (मॅथेमॅटिकल कॉन्टेस्ट इन मॉडेलिंग) १९८५ साली सुरू झाली. तिकडे पटनम नावाची फार मानाची परीक्षा आहे, एकट्याने बसून, पुस्तक न उघडता द्यायची. व्यवहारातल्या गणिताकडे ओढा असलेल्या मुलांसाठीही काहीतरी असावं, म्हणून बेन फुसारो या प्राध्यापकांनी ही कल्पना मांडली. एमसीएममध्ये तिघांपर्यंतचा संघ, चार दिवस, पुस्तकं उघडी, इंटरनेट उघडं. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठीची हायएमसीएम १९९९ पासून आहे. तिच्यात संघ चौघांपर्यंतचा आणि मुदत हल्ली चौदा दिवसांची, नोव्हेंबरात. सहावी ते आठवीसाठी मिडएमसीएम आहे. आयएमएमसी म्हणून आणखी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, सलग पाच दिवसांची. मी हायएमसीएमबद्दल लिहितेय, कारण बरे-वाईट अनुभव घेतले ते तिथेच.

खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा केंद्र आहे. तिथून चालणाऱ्या ऑलिंपियाडची तयारी करणारी मुलं बहुतेक शाळांत एखाद-दुसरी असतात. ती परीक्षा वेगळी. तिथे प्रश्न नेमका असतो आणि सिद्धता बिनचूक हवी. इथे प्रश्नच अर्धवट असतो. दोन्हींची सरमिसळ करू नका. ऑलिंपियाडचा मुलगा मॉडेलिंगच्या संघात कधीकधी सगळ्यात जास्त अडतो, कारण त्याला 'साधारण इतकं' म्हणायची लाज वाटते.

पालकांना पहिल्या सभेतच सांगा, की याचे सीईटीला गुण नाहीत आणि बारावीच्या टक्क्यांतही नाहीत. प्रमाणपत्र मिळतं. हे ऐकून जे उठून जातात त्यांना जाऊ द्यावं. नोव्हेंबरात उठून जाण्यापेक्षा जूनमध्ये गेलेले बरे.

संघ

पहिल्या वर्षी मी वर्गातले पहिले चार नंबर घेतले. चौघांनी चार मॉडेलं केली आणि एकमेकांची वाचलीच नाहीत. ती माझी चूक.

२०२३ च्या संघातल्या मुलांची नावं इथे देत नाही. स्टाफरूममध्ये मी त्यांना स्टेशनांवरून ओळखते, तशीच इथेही. रबाळ्याचीला सहामाहीत शंभरात बासष्ट होते, पण दर तासाला तिचा हात वर असायचा: "मॅडम, पण असं का धरायचं?" वर्गात हा प्रश्न आला की मला घड्याळ दिसायचं. संघात तीच सगळ्यात कामाची ठरली. कळव्याचा ठाण्याला गाडी बदलून यायचा आणि गाडीत बसल्याबसल्या मोबाइलवर एक्सेल चालवायचा. घणसोलीची लिहायची. तिचं इंग्रजी साधं होतं, छोटी-छोटी वाक्यं, आणि अहवालाला तेच लागतं. चौथा दिघ्याचा. त्या वर्षी दिघा गाव स्टेशन अजून सुरू झालं नव्हतं, म्हणून तो रोज घरून रिक्षाने ऐरोली स्टेशनवर गाडी धरायला यायचा आणि संध्याकाळी त्याच रांगेतून परत जायचा. रांगेचा प्रश्न त्यानेच आणला.

तर संघ निवडताना एक प्रश्न विचारणारा, एक आकडेमोड करणारा, एक लिहिणारा आणि एक पायपीट करणारा बघा. नेता वगैरे नेमू नका. दुसऱ्या आठवड्यात तो आपोआप कळतो, आणि बहुधा आपल्याला वाटला होता तो नसतो.

रांग

कोमॅपचे जुने प्रश्न त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. जरूर वाचायला द्या. महाविद्यालयीन स्पर्धेतलेही द्या: २००५ चा टोलनाक्यावर खिडक्या किती हव्यात हा, २०१७ चा टोल भरल्यावर पसरलेल्या गाड्या पुन्हा थोड्या लेनमध्ये कशा आणायच्या हा, २०२५ चा जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्यांवरून लोकांनी तो कसा वापरला हे ओळखण्याचा. हा शेवटचा वाचून झाला की मुलांना जवळच्या एखाद्या जुन्या देवळाची दगडी पायरी बघून यायला सांगा. पण सरावाची सुरुवात छापील प्रश्नाने करू नका. मुलं लगेच गुगलवर दुसऱ्या कुणाचा अहवाल शोधतात आणि त्याच्याच चाकोरीत अडकतात. तुमच्या स्टेशनबाहेरच्या रांगेवर कुणाचाही अहवाल नाही.

आमची रांग अशी. आकडे गोळाबेरीज करून सांगते, म्हणजे हिशोब तोंडी करता येईल. दर दहा मिनिटांनी ठाण्याहून गाडी येते. एका गाडीतून उतरून शेअर रिक्षाकडे वळणारी माणसं साठ. रिक्षात तीन बसतात. दर वीस सेकंदांनी एक रिक्षा भरून सुटते, म्हणजे मिनिटाला नऊ माणसं.

कळव्याच्याने पहिल्याच दिवशी उत्तर काढलं. तासाला ३६० माणसं येतात, तासाला ५४० जागा मिळतात. म्हणजे रांग नाही. दिघ्याचा म्हणाला, "रांग नाही? मग मी रोज उभा कशात असतो?"

मी गप्प बसले. शिक्षकाला हे जमलं पाहिजे, आणि सांगते, सगळ्यात अवघड हेच आहे. खडू उचलायचा मोह फार होतो. रबाळ्याचीने वीस मिनिटांनी शोधून काढलं: माणसं मिनिटाला सहा अशी येतच नाहीत. साठ एकदम येतात, मग नऊ मिनिटं कुणी नाही. साठ माणसं मिनिटाला नऊच्या दराने जायला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागतात. पुलावरून धावत उतरलेला पहिला लगेच बसतो, शेवटचा पावणेसात मिनिटांच्या आसपास थांबतो, सरासरी सव्वातीन-साडेतीन मिनिटं. तासाची सरासरी काढली की रांग कागदावरून नाहीशी होते. माणसं मात्र तिथेच असतात.

मग पाऊस आला, खरोखरचा, जुलैमधला. मुलं छत्री घेऊन मोजत होती. रिक्षा वीसऐवजी तीस सेकंदांनी सुटायला लागली. मिनिटाला सहा माणसं, साठ माणसांना बरोबर दहा मिनिटं. शेवटचा माणूस बसतो तेव्हा पुढची गाडी फलाटावर लागलेली असते. अंतर आणखी पाच सेकंदांनी वाढलं, पस्तीस झालं, की दहा मिनिटांत एक्कावन्नच माणसं जातात. दर गाडीमागे आठ-नऊ उरतात आणि तासाभरात रांगेत पन्नासेक माणसं साचतात. वीसचे तीस झाले तेव्हा लोक वैतागले, तिसाचे पस्तीस झाले तेव्हा रांग हाताबाहेर गेली. इथे मी फळ्यावर पहिल्यांदा 'सेन्सिटिव्हिटी' हा शब्द लिहिला, म्हणजे एक आकडा थोडा हलवला तर उत्तर किती हलतं. त्याआधी लिहिला असता तर मुलांनी व्याख्या पाठ केली असती.

पण वीस सेकंद आले कुठून? मुलांनी मोजले म्हणून आले, एवढंच त्यांचं उत्तर होतं. ते एका रिक्षावाल्या काकांनी सोडवलं. चहा पिता पिता ते दिघ्याच्याला म्हणाले, "स्टँडवर छत्तीस गाड्या आहेत रे. जाऊन परत यायला बारा मिनिटं. नाल्याजवळ पाणी भरलं की तेच वीस-एकवीस होतात. आम्ही काय मुद्दाम उशीर करतो का?"

बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, भागिले छत्तीस, वीस. एकवीस मिनिटं म्हणजे १२६० सेकंद, भागिले छत्तीस, पस्तीस. घणसोलीचीने हे वहीत केलं आणि वही सगळ्यांसमोर धरली. आता मॉडेलमध्ये हवा तो चल आला: फेरीचा वेळ. त्यामागे एका नाल्याजवळ साचणारं पाणी होतं. त्याच मॉडेलवरून आणखी एक गोष्ट कळली, जी लिहावी की नाही यावर चांगलाच वाद झाला. पावसात ड्रायव्हरशेजारी चौथा माणूस बसवला तर पस्तीस सेकंदांच्या अंतरानेही दहा मिनिटांत अडुसष्ट माणसं जातात आणि रांग आटोक्यात राहते. चौथी सीट नियमाबाहेरची आहे. पण ती पावसाळ्यातच का जास्त दिसते, हे गणिताने सांगितलं. रबाळ्याची म्हणाली, कारण लिहू, शिफारस करायची नाही. तसंच केलं.

या सरावाचा शेवट एका पानाच्या पत्राने करायचा. स्पर्धेतही बहुतेक वेळा असं पत्र किंवा टिपण मागतात, गणित न जाणणाऱ्या माणसासाठी. मुलांनी पत्र लिहिलं, मी ते आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना वाचायला दिलं. त्यात एक वाक्य होतं, की पावसाळ्यात रिक्षांच्या उपलब्धतेचं योग्य नियोजन व्हावं. काकांनी चष्मा काढला. "म्हणजे किती रिक्षा वाढवायच्या?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. अंतर पुन्हा तीस सेकंदांवर आणायचं तर १२६० भागिले तीस, बेचाळीस. म्हणजे सहा. हा 'सहा' सगळ्या अहवालात कुठेच नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पत्रात एक तरी आकडा असा हवा, ज्यावर कुणीतरी उद्या सकाळी काही करू शकेल.

रांगेचा कंटाळा आला तर नवी मुंबईत धारण तलाव आहेत. खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर वसवताना सिडकोने ते ठेवले. ओहोटीला पाणी खाडीत सोडायचं, भरतीला झडपा बंद, तोवर पावसाचं पाणी तलावात साठवायचं. एक चौरस किलोमीटरचा भाग धरा, ताशी ५० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के पाणी वाहून येतं: ताशी ४० हजार घनमीटर. झडपा तीन तास बंद राहिल्या तर एक लाख वीस हजार. दहा हेक्टरच्या तलावाची पातळी एक मीटर वीस सेंटिमीटर चढेल. मग विचारा, तलावात गाळ साचलाय, कांदळवन वाढलंय, तर किती चढेल? भरतीची वेळ रोज पुढे सरकते, ते कसं धरायचं? एक अख्खा जुलै पुरतो.

टोलनाक्याबद्दल एक गंमत. २०२४ ची तुकडी वाशीच्या नाक्यावर मॉडेल करत होती आणि ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल एका रात्रीत माफ झाला. मुलं रडवेली झाली. मी म्हटलं, अरे, आता तुमच्याकडे आधीचे आकडे आहेत, नंतरचे घ्या. असं नशीब रोज मिळत नाही.

गृहीतकांची वही

२०२३ च्या स्पर्धेत दोन प्रश्न होते. एक डँडेलायनच्या झाडांचा, दुसरा शहरातल्या सगळ्या बस विजेवर नेण्याचा. डँडेलायन आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे निवडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बसच्या प्रश्नात पर्यावरणावरचा परिणाम, खर्च आणि दहा वर्षांचा आराखडा मागितला होता. खर्चातला पन्नास टक्क्यांपर्यंतचा भाग बाहेरून मिळू शकतो असं प्रश्नातच दिलं होतं, आणि शेवटी अधिकाऱ्यांना एका पानाचं पत्र. मुलांनी एनएमएमटी, म्हणजे नवी मुंबईची बससेवा, धरली. रोज त्याच बसने जातात, त्यामुळे कुठला मार्ग लांब आणि कुठे बस तासभर उभी असते, हे त्यांना ठाऊक होतं.

स्पर्धा संपल्यावर मी त्यांची कच्ची वही पाहिली. पहिल्या दिवशीची गृहीतकं तेवीस. त्यात 'सर्व चालकांना बस चालवता येते' हेही होतं. तिसऱ्या दिवशी ती सात उरली. गाळली कशी, तर सरावातल्या एका सवयीने, ती सांगते. वहीचं पान आडवं धरून तीन रकाने आखायचे. पहिल्यात गृहीतक. दुसऱ्यात ते का धरलं: मोजलं, कुठेतरी वाचलं, की नाइलाज. तिसऱ्यात ते चुकलं तर उत्तर कुठे आणि किती हलेल. तिसऱ्या रकान्यात 'काहीच फरक पडत नाही' आलं की ते गृहीतक खोडायचं. 'सगळंच कोसळतं' आलं की ते गृहीतक राहत नाही, तो तुमचा मुख्य चल झाला. त्याच्या किमती बदलून बघायच्या, आलेख काढायचा, त्याला अहवालात दोन पानं द्यायची. 'पूर्ण चार्ज झालेली बस दिवसभराच्या फेऱ्या पुऱ्या करते' हे गृहीतक असंच बाराव्या क्रमांकावरून पहिल्यावर आलं. पावसाळ्यात रस्ता तुंबला की वातानुकूलित बस नुसती उभी राहूनही बॅटरी खाते, हे दिघ्याच्याच्या डोक्यात रांगेमुळे आलं असणार.

दुसऱ्या रकान्यात 'नाइलाज' लिहायला मुलं घाबरतात. लिहू द्या. परीक्षकांना प्रामाणिक नाइलाज चालतो, लपवलेला चालत नाही.

चौदा दिवस

स्पर्धा सुरू झाली की शिक्षक बाहेर. हा नियम कडक आहे. संघाला पुस्तकं, संकेतस्थळं, सॉफ्टवेअर, सगळ्या निर्जीव गोष्टी वापरता येतात, पण संघाबाहेरच्या माणसाशी प्रश्नावर बोलता येत नाही. शिक्षकाशीही नाही. म्हणजे रिक्षावाले काका, प्रयोगशाळेतले काका, डेपोतला ओळखीचा माणूस, सगळे बंद. म्हणूनच माणसांशी जे बोलायचं ते सरावात बोलून घ्यायचं आणि 'या जागी काका असते तर काय म्हणाले असते?' हा प्रश्न मुलांच्या डोक्यात सोडून द्यायचा. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि स्पर्धा ऐन भरात. मुलं ऑनलाइन भांडत होती, मी घरी चकल्या तळत होते. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

दिवसांची वाटणी मात्र आधी ठरवून द्या. पहिल्या दिवशी चौघांनी प्रश्न एकेकट्याने वाचायचे, काही न बोलता, आणि आपापलं पान लिहायचं. आधी बोललं की मोठ्या आवाजाचा जिंकतो. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत प्रश्न पक्का, त्यानंतर बदल नाही. चौथ्या दिवशी एक तरी आकडा बाहेर पडायला हवा, कितीही बाळबोध मॉडेलमधून का असेना. बसच्या बाबतीत तो होता 'बस गुणिले किंमत'. हसण्यासारखाच, पण मग प्रत्येक सुधारणा त्याच्याशी ताडून बघता येते. सातव्या दिवशी सारांशाचा पहिला मसुदा. बाराव्या दिवशी आकडे गोठवायचे. उरलेले दिवस लिहिण्याचे आणि एकमेकांचं वाचण्याचे.

सातव्या दिवशी सारांश, हे मी पहिल्या वर्षीचा फटका खाऊन शिकले. तेव्हा मीच सांगितलं होतं, सारांश सगळ्यात शेवटी लिहा. मुलांनी शेवटच्या रात्री लिहिला. तोही जुन्या टिपणांवरून, भविष्यकाळात: आम्ही असं करू, आम्ही तसं शोधू. आत वीस पानं बरं काम होतं. सारांशात त्यातलं एकही उत्तर नव्हतं. निकालात 'सक्सेसफुल पार्टिसिपंट' मिळालं, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. परीक्षकासमोर गठ्ठा असतो आणि तो सारांशावरून सुरुवात करतो. पहिल्या पानावर काय केलं, किती आलं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, ही तीन उत्तरं नसतील तर आतली पानं तो कोणत्या मनाने वाचेल?

अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. आमच्यातली दोघं मराठी माध्यमातली. चर्चा मराठीत करा, भांडणं तर मराठीतच करा, सारांशही आधी मराठीत लिहा. मराठीत जे वाक्य धड होत नाही, ते इंग्रजीत गेलं की मोठमोठ्या शब्दांमागे लपतं. 'उपलब्धतेचं योग्य नियोजन' हे तसलंच वाक्य होतं, ते मराठीत होतं म्हणून पकडलं गेलं.

किरकोळ, पण रडवणारं

फी डॉलरमध्ये, कार्डाने. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बरेचदा मुळातच बंद असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात. आम्हाला हे शेवटच्या संध्याकाळी कळलं. एका मुलाच्या वडिलांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून, मोबाइल कानाला लावून ते काम केलं. तुम्ही आठवडाभर आधी करा.

अहवालावर मुलांचं, शिक्षकाचं, शाळेचं नाव कुठेही नको, फक्त संघाचा क्रमांक. आम्ही मजकुरातून नावं काढली होती. पण परिशिष्टात बसथांब्याचा एक फोटो होता, त्यात रबाळ्याचीच्या पाठीवरच्या दप्तरावर शाळेचं नाव छापलेलं. सारांशासकट पंचवीस पानांची मर्यादा आहे. अक्षर बारा पॉइंटांखाली नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरलं तर कशासाठी वापरलं याचा अहवाल शेवटी जोडावा लागतो. माझं मत विचाराल तर कोडमधली चूक शोधायला ठीक. गृहीतकं त्याच्याकडून घेऊ नका. ते तेवीसच देतं, चालकांना बस येते इथपासून.

वेळ अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्याची असते. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे आपल्यातला फरक साडेनऊ तासांचा साडेदहा होतो, आणि हे बरेचदा ऐन स्पर्धेच्या मधोमध घडतं. शेवटची वेळ भारतीय वेळेत काढून मोठ्या अक्षरात लिहून लावा आणि त्याच्या आदल्या रात्री दहाला अहवाल पाठवून मोकळे व्हा.

हे सगळं करायला फी भरलीच पाहिजे असंही नाही. गेल्या वर्षी सहा मुलं पैशांमुळे बसू शकली नाहीत. त्यांना मी ऑक्टोबरात एक बंद पाकीट दिलं, आत एक प्रश्न, मुदत पाच दिवस. परीक्षक म्हणून भूगोलाच्या मॅडम आणि प्रयोगशाळेतले काका. काकांनी प्रत्येक अहवालावर एकच शेरा मारला होता: "म्हणजे किती?"

१२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं. पुढच्या आठवड्यात दिघ्याचा स्टाफरूमच्या दाराशी आला. तोवर स्पर्धा संपून दोन महिने झाले होते आणि बारावीची परीक्षा तोंडावर होती. मला वाटलं, शंका विचारायला आलाय. म्हणाला, "मॅडम, मी आता ऐरोलीला उतरतच नाही. आमच्याकडचे कितीतरी जण नाहीत उतरत. आपले साठ आता साठ राहिले नसतील ना?"

मंगळवारी सहा वाजता जायचं ठरलं. घणसोलीचीने जुनीच वही आणली, तिच्यात सोळा पानं कोरी होती.